ब्लँक स्लाइड चमकली म्हणून फील्ड सोडू नकोस

तुझं पत्र दोनदा वाचलं. बायोटेकच्या बीएस्सीचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टला काचेच्या स्लाइडवर डीएनए प्रोब (ठरावीक डीएनए पकडणारे छोटे तुकडे) बसवलेस, सायथ्री हा चमकणारा डाय लावलेलं सॅम्पल वर सोडलंस, स्कॅनरमध्ये ठिपके चमकले तेव्हा रात्री झोप आली नाही असं लिहिलंयस, आणि मग ज्या स्लाइडवर सॅम्पल घातलंच नव्हतं तीही चमकली. गाइड म्हणाले तुझा हात साफ नाही, आईबाबा विचारतायत यात पुढे काय, आणि तुझा प्रश्न असा की फिजिक्स सुटून तीन वर्षं झाली, तरी या लाइनमध्ये, म्हणजे पृष्ठभागावरचे रेणू चमकवून मोजण्याच्या कामात, जाऊ का?

जा. आणि ज्या गोष्टीने तुला रडवलं ना, त्या ब्लँक स्लाइडपासूनच सुरुवात कर, कारण या कामात ठिपका चमकवणं त्यामानाने सोपं असतं, बाकीची जागा काळी ठेवणं अवघड. सायथ्री साधारण 550 नॅनोमीटरचा प्रकाश घेतो आणि 570 च्या आसपास परत देतो, मधे अंतर जेमतेम 20 चं, आणि स्कॅनरच्या लेझरचा प्रकाश डायच्या प्रकाशापेक्षा कितीतरी पटींनी जास्त, त्यामुळे फिल्टरमधून जरासा जरी निसटला तरी सगळं पांढरं दिसतं. त्यात काच स्वतः थोडी चमकते, वरचं प्रोब चिकटवायला दिलेलं सिलेन या रसायनाचं कोटिंग चमकतं, धूळ चमकते, नीट न धुतलेला बफर, म्हणजे क्षारांचं द्रावण, वाळला की त्याचे डाग दिसतात, आणि डिटेक्टरचा गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते सेटिंग) वाढवला की सिग्नलबरोबर हे सगळंही वाढतं. म्हणजे हात साफ नसणं हे फार तर एक कारण झालं, बाकीची तपासल्याशिवाय कुणी तसं म्हणू नये.

हे मी उगाच तुझी बाजू घ्यायची म्हणून नाही म्हणत. मी लॅबमध्ये होते तेव्हा आमचा सायफाइव्ह या दुसऱ्या डायचा लाल सिग्नल काही दिवस दुपारनंतर एकदम पडायचा, कित्येक आठवडे मी स्वतःलाच दोष देत होते, शेवटी कळलं की हवेतला ओझोन तो डाय खातो आणि उन्हाळ्यातल्या दुपारी ओझोन जास्त असतो. कारण सापडलं त्या दिवशी वाटलं की हेच काम करायचं.

आता फिजिक्स. सुटलंय म्हणजे संपलं नाही, तुला सगळं परत शिकायचं नाहीये. लेन्स, फिल्टर, अपवर्तन आणि फोटॉन मोजताना येणारा नॉइज, एवढं पक्कं कर. मग टोटल इंटर्नल रिफ्लेक्शन वाच, तुला आवडेल बघ: प्रकाश काचेच्या आतल्या आत परत फिरतो पण पृष्ठभागाच्या वर साधारण 100 नॅनोमीटरपर्यंत त्याचा अंश पोचतो, म्हणून काचेला चिकटलेला रेणू उजळतो आणि वर द्रावात तरंगणारे बहुतेक अंधारातच राहतात. यात एकेक रेणू वेगळा मोजता येतो.

आणि सगळं एकाच माणसाला यायला हवं ही भीती काढून टाक. 1990 च्या दशकात केंब्रिजला शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांनी पृष्ठभागावर बसवलेल्या डीएनएला फ्लुरोसंट (चमकणारे) न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएचे सुटे घटक, जोडले जाताना बघायचं ठरवलं, एक न्यूक्लिक अ‍ॅसिडचा केमिस्ट, दुसरा लेझर स्पेक्ट्रोस्कोपीवाला. त्यातून 1998 मध्ये सोलेक्सा कंपनी निघाली, आणि आज इल्युमिना कंपनीची सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणारी) मशीनं त्याच पद्धतीवर चालतात. दोघांचं शिक्षण वेगळं होतं, पण समोरच्याचं बोलणं कळण्याइतकी तयारी दोघांची होती, तुलाही तेवढीच लागेल.

आईबाबांना सांग की हे काम सिक्वेन्सिंग मशीन बनवणाऱ्यांकडे असतं, निदानाच्या किट बनवणाऱ्यांकडे असतं, औषध-संशोधनाच्या लॅबमध्ये आणि विद्यापीठांच्या इमेजिंग सेंटरमध्येही असतं. पण खरं ते सांगते, नुसत्या बीएस्सीवर बहुतेक वेळा सॅम्पल चालवणं किंवा क्वालिटी चेक मिळतं, नवीन पद्धत बसवायची तर एमएस्सी लागेल आणि मशीन डिझाइन करायचं तर बहुधा पीएचडी.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला दिसली. स्लाइड कशी धुतली, ब्लॉकिंगला (काचेवरची रिकामी जागा झाकायला) बीएसए हे प्रोटीन किती वेळ ठेवलं यावर तू तीन परिच्छेद लिहिलेस आणि डेटावर एक ओळ. माझ्या मते तुझा कल सरफेस केमिस्ट्री आणि अ‍ॅसे डेव्हलपमेंटकडे (चाचणीची पद्धत बसवण्याकडे) आहे, ऑप्टिक्सकडे नाही, तेव्हा एमएस्सी निवडताना कोर्सच्या नावापेक्षा तिथे पृष्ठभागावर काम करणारी लॅब आहे का ते बघ. तरी थोडं पायथन प्रोग्रॅमिंग आणि इमेजजे हे चित्रातून मोजमाप करायचं सॉफ्टवेअर शिक, ठिपक्याच्या आकड्यातून आजूबाजूचा बॅकग्राउंड कसा वजा करतात ते स्वतःला आलंच पाहिजे.

आता या आठवड्यात एक कर. चार स्लाइड घे: एक बॉक्समधून काढलेली कोरी, एक नुसती कोटिंगवाली, एक कोटिंग आणि ब्लॉकिंग केलेली, एक त्यावर बफर घालून धुऊन वाळवलेली. चारही एकाच गेनवर, एकाच लेझर पॉवरवर स्कॅन कर, मधे सेटिंगला हात लावू नकोस. ज्या पायरीला आकडा उडी मारेल तिथे तुझा चोर आहे. मग चारही आकडे मला पाठव आणि गाइडनाही दाखव.