फिनलंडचे ‘जहाल-मवाळ’ आणि पीएचडी

अगं, तुझा मेल दोनदा वाचला. एमए हिस्टरीच्या सेकंड इयरला आहेस, स्वातंत्र्याआधीच्या फिनलंडमधल्या ‘जहाल-मवाळां’वर पीएचडी करायचीय, ॲपवर फिनिश सुरू केलंयस आणि बाबा विचारतायत हे करून खाणार काय. बाबांचं नंतर बघू, आधी भाषा.

फिनिश सोडू नकोस पण जोडीला स्वीडिश घेच. गंमत म्हणजे फिनिशसाठी भांडणारी पहिली पिढीच स्वीडिशमध्ये लिहायची, फिनिश चळवळीचा विचारवंत स्नेलमन, त्याचं बहुतेक लिखाण स्वीडिशच, आणि फिनिश भाषेची बाजू घेणाऱ्या फिनिश पार्टीचा पुढारी इर्यो-कोस्किनेन मूळचा फोर्समन, म्हणजे आडनावही स्वीडिश! फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या सत्तेखाली, 1863 ला झारने फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचा दर्जा द्यायचा हुकूम काढला तोही वीस वर्षांत अमलात आणायचा, म्हणजे तोवरचे सरकारदरबारचे बरेचसे कागद स्वीडिशमध्येच. तिथल्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर त्या काळातले पेपर फुकट आहेत, आज रात्री एक उघड, मग कळेल मी काय म्हणतेय.

आता ‘जहाल-मवाळ’. हे लेबल मला झेपलं नाही. 1899 ला झार निकोलसने फेब्रुवारी जाहीरनामा काढून फिनलंडच्या कायद्यांवर हात टाकला, तेव्हा विरोधाच्या अर्जावर दोनेक आठवड्यांत पाच लाखांवर सह्या गोळा झाल्या, बर्फातून स्कीवर गावोगाव फिरून, आणि झारने शिष्टमंडळाला भेटसुद्धा दिली नाही. त्यानंतर फिनिश पार्टीतल्या दोन गटांपैकी ओल्ड फिन म्हणाले थोडं नमतं घेऊ, सेनेटमधल्या, म्हणजे तिथल्या सरकारातल्या, खुर्च्या धरून ठेवू, निदान भाषा तरी वाचेल. यंग फिन म्हणाले बेकायदा हुकूम पाळायचाच नाही. म्हणजे बघ, तिकडे घटना-कायदा धरून बसलेलेच अडून राहिले, आपल्याकडे सनदशीर म्हटलं की मवाळ आठवतात! शिवाय या लढाईत स्वीडिश बोलणारे पुढारी यंग फिनच्या बाजूला होते, म्हणजे भाषेचं भांडण बाजूला ठेवून. तुझा विषय इथे आहे बघ, 1899 ते 1907 एवढाच घे. शेवट 1907 च्या निवडणुकीवर कर, 200 पैकी 80 जागा सोशल डेमोक्रॅट घेऊन गेले, ओल्ड फिन 59 आणि यंग फिन 26.

बाबांना सांग की तिकडे मास्टर्सला आपल्याला फी पडते, पीएचडीला ट्युशन फी नाही, पण राहण्याखाण्याचा खर्च आहेच, त्यामुळे फंडिंग असलेली जागा मिळाल्याशिवाय विमानात बसायचं नाही. नेटचा फॉर्म मात्र यंदाच भर, आणि एक पानाचं प्रपोजल पाठव, त्यात टिळक-गोखले नकोत.