शेततळ्यातल्या माशांना फिशमीलऐवजी (माशांच्या भुकटीऐवजी) सोयापेंड चालते का?

चालते. रोहू, कटला, मृगळ यांना तर बिनधास्त. खरं तर एवढंच लिहून थांबणार होतो, पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जे विचारलंय, 'घरचं सोयाबीन पडून आहे, तेच दळून टाकलं तर?', ते वाचलं आणि आमचे दाजी डोळ्यांसमोर उभे राहिले.

निफाड तालुक्यात द्राक्षबागेसाठी केलेलं आमचं शेततळं आहे, खाली ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. पाणी नुसतं उभंच असतं म्हणून बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडली. पहिल्या वर्षी तयार खाद्याच्या गोण्या आणल्या. मासे झाले, पण पैसे खाद्यवाल्यानेच कमावले. दुसऱ्या वर्षी सोयाबीनचा भाव पडला आणि दाजींकडे पोत्यांची थप्पी लागली. दाजी म्हणाले, "लासलगावला नेऊन मातीमोल विकायचं आणि वर पेंड विकत आणायची? पेंड म्हणजे तेल काढून उरलेला चोथा. आपण अख्खं देऊ, तेलासकट." बहिणीचा नवरा, त्यात वयाने मोठे. मी मान हलवली.

पाच महिने रोज सकाळी कच्च्या सोयाबीनचं पीठ टाकत होतो. मासे वर यायचे, खायचे, सगळं झकास. फक्त बांधाच्या कडेला पाण्यावर तेलकट साय धरायची. दिवाळीनंतर फेकजाळं टाकलं तर हाताच्या पंजाएवढे मासे! तराजूत एक टाकला, १४० ग्रॅम. आदल्या वर्षी याच सुमाराला ४००च्या आसपास होते. दाजींचं निदान: बीज खराब. पुढच्या आठवड्यात, कागदाची उष्णता. मग माझा हातच आखडता.

उलगडा केला शेजारच्या पोल्ट्रीवाल्याने. तो पोट धरून हसला. कच्चं सोयाबीन कोंबडीलाही कुणी घालत नाही म्हणे. प्रथिनं पचवणारा ट्रिप्सिन नावाचा जो पाचकरस असतो, त्याला अडवणारा घटक कच्च्या दाण्यात असतो. म्हणजे मासा पोटभर खातो आणि अंगाला लागत नाही. उष्णता दिली की हा घटक निकामी होतो. पेंड कारखान्यात वाफेवर तापून येते, म्हणून ती चालते. चोथा नव्हे, शिजलेलं अन्न आहे ते! तेल गेल्यामुळे प्रथिनंही वाढतात: दाण्यात ३६ ते ४० टक्के, पेंडीत ४४ ते ४८.

त्यानेच एक चाचणी दाखवली. झाकणाच्या बरणीत दोन चमचे पीठ, चिमूटभर युरिया आणि थोडं पाणी घालून वीस मिनिटं बंद ठेवायचं. झाकण उघडल्यावर मुतारीसारखा भपकारा आला की माल कच्चा. आमच्या पिठाने डोळ्यांत पाणी आणलं. तसंच पेंडीचं केलं, तर जवळजवळ वास नाही. दाजींनी दोन्ही बरण्या हुंगल्या आणि म्हणाले, "पहिली लोणच्याची होती का?"

तर तुमचं उत्तर. रोहू-कटल्याला २५ ते ३० टक्के प्रथिनांचं खाद्य पुरतं. ४६ टक्क्यांची सोयापेंड आणि १२ टक्क्यांचा भाताचा कोंडा (आम्ही घोटीच्या गिरण्यांमधून आणतो) निम्मे-निम्मे घेतले की २९ येतात. त्यासाठी फिशमीलची गरज नाही. शेंगदाणा पेंड थोडी मिसळली तरी चालेल, पण ओल लागलेली, बुरशीची अजिबात नको, अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष होतं. सरकी पेंड मी टाळतो, तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या विषारी घटकामुळे. आणि आभाळ भरलं असेल, मासे सकाळी तोंड वर काढून हवा घेत असतील, त्या दिवशी खाद्य बंद.

हे आधीच सांगायला हवं होतं: मरळ पाळत असाल तर वरचं सगळं विसरा, तो मांसाहारी मासा आहे, निव्वळ पेंडीवर निभत नाही. सोयात मिथिओनिन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) कमी असतं. शिवाय सोयातला बराचसा फॉस्फरस माशाला पचत नाही, म्हणून खनिज मिश्रण घालाच. कागदाच्या तळ्यात मातीतून मिळणारं खाणंही नसतं. पण 'मासा माशावरच वाढतो' म्हणणाऱ्यांना नॉर्वेचं सांगा. तिथल्या सामन माशाच्या खाद्यात १९९०च्या सुमाराला जवळपास ९० टक्के माल समुद्रातला असायचा, २०१३पर्यंत तो ३० टक्क्यांवर आला, बाकीचं बहुतेक शेतातलं. आणि सामन तर मांसाहारी! अर्थात त्यांची सोया प्रक्रिया केलेली असते, दाजींसारखी गिरणीतून काढलेली नसते.

घरचं सोयाबीन विका आणि पेंड आणा. विकवतच नसेल तर नीट भाजा, मूठभर दळून बरणीत तपासा, मगच बाकीचं दळा. गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यात दाजी नव्या व्याह्यांना सांगत होते, "सोयाने मासा खुरटतो, आमच्या मेव्हण्याने करून बघितलंय." मी पंगतीत वाढत होतो, हातात मठ्ठ्याची बादली, काय बोलणार? तुम्ही पेंडीवर मासे वाढवलेत तर तराजूसकट फोटो नक्की टाका. मला तो एका माणसाला पाठवायचा आहे.