क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकला पहिल्यांदा जाताय?

पाच दिवसांत डुब्रोव्हनिक, मोस्टार, कोटोर आणि स्प्लिट असा बेत आहे? उत्साह झकास आहे, पण यादी निम्मी करा.

आधी व्हिसा. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे. मोस्टार (बोस्निया) आणि कोटोर (माँटेनेग्रो) शेंगेनच्या बाहेर. सिंगल एंट्री (एकदाच प्रवेश देणाऱ्या) व्हिसावर 'जरा कोटोर बघून येऊ' म्हणून गेलात तर परत येताना अडकाल. सामान हॉटेलात आणि तुम्ही सीमेवर! नवखे हमखास इथेच फसतात. अर्जातच मल्टिपल एंट्री मागा. नाही मिळाली, तर दोन्ही गावं मुकाट्याने वगळा.

बाकी थोडक्यात:

- मे किंवा सप्टेंबरअखेर गाठा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, क्रूझची गर्दी आणि चढे दर, तिन्ही एकदम.
- जुन्या गावाच्या तटबंदीवरची फेरी जवळपास २ किलोमीटर, सावली नावालाच. सकाळी दार उघडताच चढा.
- जुन्या गावात गाड्या शिरत नाहीत. स्त्रादुन हा मुख्य रस्ता सपाट आहे, पण उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. बुकिंगआधी घरमालकाला पायऱ्या किती ते विचारा. आईबाबा सोबत असतील तर सरळ लापाद या जुन्या गावाबाहेरच्या भागात राहा, तिथून जुन्या गावाच्या पिले दरवाजापर्यंत बस आहे.
- रिकामी बाटली ठेवा; पिले दरवाजातून आत शिरताच ओनोफ्रिओच्या कारंजाला पिण्याचं पाणी आहे.

स्प्लिट पुढच्या वेळी. त्याऐवजी एक दुपार डुब्रोव्हनिकजवळच्या लोक्रुम बेटाला द्या. फक्त शेवटची बोट चुकवू नका, बेटावर मुक्कामाला परवानगी नाही.