कंपिलीचं राज्य शोधताय? देवगिरीकडून सुरुवात करा

कंपिलीची माहिती कुठे मिळेल असं विचारणारी तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. कंपिली म्हणजे आजच्या कर्नाटकातलं, बल्लारी भागात तुंगभद्रेकाठी असलेलं, विजयनगरच्या आधीचं छोटं राज्य. त्यावर तुमचा प्रोजेक्ट, पण बहुतेक पुस्तकांत विजयनगरच्या आधी चार ओळी, आणि शिलालेखांचे ठसे मागायला गेलात तर "हे आमच्याकडे येत नाही". अगदी हेच माझ्या वाट्याला आलंय.

मी ज्या ऑफिसात ठसे मागितले त्याचं नाव घेत नाही. तिथे यादव आणि विजयनगर अशी दोनच रजिस्टरं होती. यादववाले म्हणाले पलीकडे विचारा, पलीकडचे म्हणाले विजयनगर १३३६ चं, आधीचं आमच्याकडे कसं असेल. मग संस्थेचं पत्र आणा, आणलं तर त्यावर जावक नंबर नाही, तो टाकून नेलं तर साहेब रजेवर. सगळा हिवाळा यात गेला, अजून संताप होतो. जे राज्य उभंच सीमेवर राहिलं त्याला वेगळं पान नको का?

म्हणून अर्ज करत बसू नका. 'साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स' या छापील शिलालेखांच्या मालिकेचा नववा खंड उघडा, बल्लारी ब्रिटिश काळात मद्रास इलाख्यात होतं म्हणून तिथले कन्नड लेख त्यात छापलेत, नेटवर स्कॅन मिळतो.

आणि माझं मत विचाराल तर (मी हौशी अभ्यासक, प्राध्यापक नाही) विजयनगरवरून मागे येऊ नका, देवगिरीवरून पुढे जा. कंपिलीचे नायक होयसळांच्या तोंडावरचे यादवांचे सरदार. १३१८ मध्ये यादवांचा शेवटचा राजा हरपालदेव मारला गेला, देवगिरी दिल्लीकडे गेली, आणि कंपिलीचा राजा कंपिलीदेव वर दिल्ली, खाली होयसळ असा एकटा उरला. तरी महंमद तुघलकाचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प, सागरचा सुभेदार, बंड फसल्यावर बायकापोरांसह आला तेव्हा यानं त्याला आसरा दिला. दिल्लीची फौज एकदा नाही, पुन्हा पुन्हा चालून आली. शेवटी गुर्शास्पला होयसळ राजा तिसऱ्या बल्लाळाकडे पाठवून दिलं, बायकांनी जौहर केला, म्हणजे आगीत प्राण दिले, आणि कंपिलीदेव लढून पडला. हे १३२७ च्या सुमाराचं. बल्लाळानं मात्र पाहुणा सुलतानाच्या हवाली केला. मला हा प्रसंग विजयनगरच्या प्रस्तावनेपेक्षा खूप मोठा वाटतो, तुमचं मत वेगळं असू शकतं.

त्या काळचा प्रवासी इब्न बतूता जरूर वाचा, कंपिलीच्या राजाचे मुलगे त्याला सुलतानाच्या दरबारात भेटले होते. कंपिलीदेवाचा मुलगा कुमार राम याच्यावरची कन्नड काव्यं मात्र बरीच नंतरची, तारखा त्यातून उचलू नका.

जागेवर जाणार असाल तर नुसतं कंपली (जुनं कंपिली) गावात जाऊन परत येऊ नका, कंपिलीदेवाचा किल्ला कुम्मटदुर्ग तुंगभद्रेपलीकडे गंगावतीच्या बाजूला आहे. पावसाळ्यानंतर जा, बूट घाला, पाणी भरपूर न्या आणि गावातला माणूस सोबत घ्या.