परभणीत बसून क्रिकेटच्या जुन्या वस्तू ऑनलाइन विकता येतील का? घरात बराच संग्रह आहे.

येतील की! आधी जीव अडकलेल्या वस्तू बाजूला काढा, नाहीतर भाव सांगताना जीभ अडखळते.

सहीपेक्षा पुराव्याला पैसे मिळतात: सही घेतानाचा फोटो, सोबतचं तिकीट. पुरावा नसेल तर ‘अस्सल’ लिहू नका. 1987 च्या विश्वचषकाचं तिकीट घडीचं, पिवळं पडलेलं चालतं. कुणी हौसेनं लॅमिनेट केलं असेल तर भाव पडलाच. मार्करची सही उन्हात उडते, आपल्याकडचं ऊन तर विचारूच नका. बॅट कपाटातच ठेवा.

जालन्याचा विजय झोल 2014 मध्ये एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार होता. असं आपल्या भागातलं काही मिळालं तर सोडू नका. ई-कॉमर्स साइटवरून राज्याबाहेर माल पाठवायचा तर जीएसटी नोंदणी लागेल.