निऑनच्या नळीला दहा हजार व्होल्ट कशाला लागतात?

प्रश्न: आमच्या दुकानावर जुनी निऑनची पाटी आहे, तिच्यामागच्या डब्यावर इनपुट 230 व्होल्ट, आउटपुट 10,000 व्होल्ट, 30 मिलीअँपिअर असं लिहिलंय. एवढे व्होल्ट येतात कुठून, आणि डबा बिघडला तर दुसरा कुठलाही स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावला तर चालेल का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: नाही चालणार, हे आधीच सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. तुमचा डबा म्हणजे ट्रान्सफॉर्मरच, त्यात व्होल्ट वाढतात ते तारेच्या वेढ्यांमुळे, प्रायमरीला म्हणजे 230 व्होल्ट घेणाऱ्या वाइंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) 500 वेढे असतील तर सेकंडरीला, म्हणजे 10,000 व्होल्ट देणाऱ्या वाइंडिंगला, साधारण 22 हजार, अगदी केसासारख्या बारीक तारेचे. व्होल्ट वाढले की त्याच प्रमाणात करंट कमी मिळतो, फुकट काहीच नाही.

आता एवढे व्होल्ट का, तर नळीतला वायू सुरुवातीला वीज जाऊच देत नाही. त्यात चुकार इलेक्ट्रॉन असतात थोडे, जोराचा व्होल्टेज मिळाला की ते धावतात, अणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात, ते पुन्हा आणखी, असं करत नळी पेटते. घरच्या ट्यूबलाइटमध्ये फिलामेंट तापून इलेक्ट्रॉन देतो म्हणून तिचं कमी व्होल्टवर भागतं, निऑनची टोकं थंड आणि नळी लांबच लांब.

पण एकदा पेटली की उलटंच होतं बघा! करंट जितका वाढेल तितका नळीचा अडथळा कमी, म्हणजे ती आणखी करंट ओढणार, कुणी थांबवलं नाही तर जळेपर्यंत. ट्यूबलाइटमध्ये करंटला असं थांबवायचं काम चोक करतो. तुमच्या डब्यात वेगळा चोक नसतो, दोन वाइंडिंगच्या मध्ये लोखंडी पट्ट्या मुद्दाम बसवलेल्या असतात, मॅग्नेटिक शंट म्हणतात त्याला. लोड वाढला, म्हणजे नळी जास्त करंट ओढू लागली, की चुंबकीय प्रवाह सेकंडरीकडे न जाता या पट्ट्यांतून आडवाटेने निसटतो आणि व्होल्टेज आपोआप खाली येतो. आउटपुटच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी करंट 30 मिलीअँपिअरच्या आसपासच राहतो, मला तर हे डिझाइन फार आवडतं. साध्या ट्रान्सफॉर्मरला ही अक्कल नाही, तो ढकलतच राहणार.

आणि 30 म्हणजे किरकोळ समजू नका, तेवढ्याने माणूस दगावू शकतो. नळी फुटली असेल तर पाटी लगेच बंद करा, करंटला नेहमीची वाट मिळत नाही, मग पूर्ण व्होल्टेज तारांवर उभा राहतो आणि ठिणगी ओल्या भिंतीकडे किंवा पत्र्याकडे उडी मारते. डबा बदलताना निऑनवाल्याकडूनच घ्या, नळीची लांबी, जाडी आणि आतला वायू बघून तो रेटिंग ठरवेल.