ग्लो इंजिन: नीडलला हात लावण्याआधी

मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन सुरू होत नाही म्हणून लगेच नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, पिळत बसू नकोस. आधी ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) काढून दीड व्होल्टला लावून बघ. तार लख्ख नारिंगी पेटली पाहिजे. मळकट लाल दिसली, तर बॅटरी उतरलीय किंवा प्लग गेलाय. तारेत प्लॅटिनम असतं, म्हणूनच इंजिन चालू झाल्यावर बॅटरी काढली तरी इंधनातल्या मिथेनॉलच्या संगतीत ती तापलेली राहते.

४० नंबरच्या, म्हणजे साधारण ६.५ सीसीच्या इंजिनाला १० बाय ६ चा पंखा (व्यास १० इंच, एका फेरीत ६ इंच पुढे सरकेल असा पीळ) ठीक. फुल थ्रॉटलवर नीडल हळूहळू बंद करत जा. आवाज चढत चढत एका जागी अडतो. तिथेच ठेवायचा मोह होतो, पण दोन-तीन क्लिक परत उघड. मग विमान घट्ट धरून नाक आभाळाकडे कर. आवाज बसला, तर मिश्रण अजून लीन आहे, म्हणजे इंधन कमी पडतंय. मागे धुराची रेघ दिसायलाच हवी. माझं पहिलं इंजिन मी असंच लीन पळवून घालवलं; पिस्टनवर उभे ओरखडे!

ताकद हवी म्हणून लगेच इंधनात जास्त नायट्रोच्या (नायट्रोमिथेनच्या) मागे लागू नकोस. पंखा बॅलन्स कर, टाकीभोवती स्पंज लाव. थरथरीने इंधन फेसाळतं आणि दोष बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर येतो.

निघताना टाकी रिकामी करून इंजिन कोरडं पडेपर्यंत चालव, आत तेलाचे चार थेंब सोड. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही. आणि पंखा बोटाने फिरवायचा नाही, काठी घे.